तरावीहनंतरची तालीम

रमजानचा महिना लागला की सोलापुरात विजापूर वेशीच्या बाजूला दिवस रात्री उजाडतो. इशाची नमाज आणि तिच्या पाठोपाठची तरावीह आटोपून माणसे मशिदीबाहेर येतात, चहाच्या गाड्यांवर गर्दी होते, मीना बाजारातले दिवे डोळ्यांवर येतात. तरावीह म्हणजे फक्त रमजानमध्ये रात्री पढली जाणारी जादा नमाज. आमच्याकडे वीस रकात. त्या गर्दीतूनच पंधरा-वीस पोरे टोपी खिशात कोंबत एका गल्लीत शिरतात. गल्लीच्या टोकाला एक जिम आहे. अकरा महिने ती पहाटे आणि संध्याकाळी भरते. या एका महिन्यात ती रात्री साडेदहाला भरते आणि साडेबाराला ओस पडते, कारण पुन्हा साडेतीन-चारला सहेरीसाठी उठायचे असते.

मी महाविद्यालयात उर्दू शिकवतो, घरात दखनी बोलतो आणि वर्तमानपत्र मराठीतले वाचतो. अशा माणसाला शब्दांची खोड असतेच. उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीत त्याच शब्दाची मातीची तालीम झाली, जोर-बैठकांची आणि लाल लंगोटाची. आमचा ‘उस्ताद’ त्या मातीत जाऊन ‘वस्ताद’ झाला. आणि ‘कसरत’ हा शब्द उर्दूत दोन तऱ्हांनी लिहितात. ‘सीन’ने लिहिला तर व्यायाम, ‘से’ने लिहिला तर अतिरेक, विपुलता. कानाला दोन्ही एकच. हा फरक वर्गात मी वीस वर्षे शिकवत आलो आणि मागच्या रमजानमध्ये तो माझ्याच उजव्या खांद्यात शिकलो.

झाले असे. वय चव्वेचाळीस, पोट सुटलेले, मान दिवसभर उत्तरपत्रिकांत. रमजानच्या आधी दोन महिने भाच्याने मला जिमला ओढले. तिथे आरशासमोर सगळ्यांत लोकप्रिय व्यायाम कोणता, तर दोन्ही हातांत डंबेल घेऊन ती बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायची. पोरे त्याला ‘साइड’ म्हणतात, पुस्तकी नाव लॅटरल रेज. हात पुढून उचलला की फ्रंट रेज, कमरेत वाकून मागे उचलला की रिअर रेज. दिसायला इतके सोपे की त्यात शिकण्यासारखे काय, असेच मला वाटले. पहिल्या आठवड्यात अडीच किलो, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात साडेसात. मग एका रात्री भाचा म्हणाला, “मामू, दस का लेव ना, होता तुमारेसे.” घेतला. झाला पण. म्हणजे मला वाटले झाला. कमरेला झोका देऊन, मान आखडून, खांदे कानाला भिडवून मी ते दहा किलो वर फेकत होतो. शिवाय कुणीतरी सांगितले होते की वर गेल्यावर तांब्यातून पाणी ओतल्यासारखी मूठ खाली वळवायची, करंगळी वर आणि अंगठा खाली. तेही इमानदारीने केले.

दुखू लागले तसे सहेरीला वेदनाशामक गोळी घेऊन रेटले. पहिल्या रोज्याच्या रात्री तरावीहला उभा राहिलो आणि तकबीरला उजवा हात कानापर्यंत गेलाच नाही.

मुस्लिमेतर वाचकांसाठी सांगतो. प्रत्येक नमाज हात वर उचलून सुरू होते, त्याला तकबीर म्हणतात. आम्ही हनफी पद्धतीचे लोक हात कानाच्या पाळीपर्यंत नेतो. कोकणातले मुस्लिम बहुतेक शाफई, ते खांद्यापर्यंत नेतात आणि रुकूला जाताना व उठतानाही पुन्हा उचलतात. तरावीहच्या वीस रकाती दोन-दोनच्या, म्हणजे एका रात्रीत दहा वेळा तकबीर. दहाही वेळा माझा डावा हात कानाशी आणि उजवा छातीशी. ज्याला जमत नाही त्याने जमेल तितके करावे, ही मुभा शरीअतमध्ये आहेच, त्यामुळे नमाजची चिंता नव्हती. पण शेजारचे रफिक... नाही, नाव नको, शेजारचे बुजुर्ग सलाम फिरवल्यावर हळूच म्हणाले, “प्रोफेसर, हात को क्या हुआ?” आणि मला दहा किलोची गोष्ट सांगायची लाज वाटली.

खरी लाज पुढे होती. रमजानच्या मध्यावर आमच्या मोहल्ल्यातले एक जुने शिक्षक वारले. मला अलिफ-बे त्यांनी गिरवायला शिकवले होते. जनाज्याला खांदा देण्याची आमच्याकडे एक रीत आहे. आधी मय्यतीच्या उजव्या बाजूचा पुढचा पाया आपल्या उजव्या खांद्यावर, मग त्याच बाजूचा मागचा पाया, मग डाव्या बाजूचे दोन्ही डाव्या खांद्यावर, प्रत्येकी दहा पावले. चाळीस पावले झाली की खांदा पुरा झाला म्हणतात. मी उजवीकडे हात लावायला गेलो आणि कळ थेट कोपरापर्यंत उतरली. कुणीतरी मागून मला बाजूला सारले, “सर, आप रहने देव.” डाव्या खांद्याने वीस पावले चाललो. उरलेली वीस माझ्या नावावर बाकी आहेत.

ईदनंतर फिजिओथेरपिस्टकडे गेलो. मॅडमनी हात बाजूने वर न्यायला सांगितला. सुरुवातीला काही नाही, साधारण साठ अंशांच्या पुढे कळ, एकशेवीसच्या वर पुन्हा कमी. त्यांनी मान हलवली. हा दुखरा टापू म्हणे ओळखीचा. मग त्यांनी प्लास्टिकचा सांगाडा समोर ठेवून जे समजावले ते मला आधी कळले असते तर बरे झाले असते, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

मांडीचे हाड कमरेच्या खोल वाटीत बसलेले असते. खांद्याचे तसे नाही. तिथे दंडाच्या हाडाचा मोठा गोळा एका उथळ बशीवर टेकलेला असतो, बशीत ठेवलेल्या लिंबासारखा. म्हणूनच हात सगळीकडे फिरतो आणि म्हणूनच तो लवकर बिघडतो. लिंबू बशीवरून घसरू नये म्हणून चार लहान स्नायू त्याला चारी बाजूंनी धरून असतात. त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. वरून झाकणारा जो गोल, दिसणारा, आरशात बघून खूश होण्याचा स्नायू तो डेल्टॉइड. त्याचे तीन भाग: पुढचा, बाजूचा, मागचा. साइड रेज मुख्यतः बाजूच्या भागासाठी असते. पण हात उचलायला सुरुवात होते तेव्हा त्या चार लहानग्यांतला वरचा, सुप्रास्पायनेटस, डेल्टॉइडच्या बरोबरीने राबतो, आणि नंतरही गोळा जागेवर ठेवण्याचे काम चौघांचेच असते. दिखाऊ स्नायू आठवड्याआठवड्याला वजन वाढवायला तयार असतो. पडद्यामागच्यांची तयारी त्या गतीने होत नाही.

या सुप्रास्पायनेटसची शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, एका अरुंद बोळातून जाते. वर खांद्याच्या टोकाचे हाड, खाली दंडाचा गोळा, मधली जागा जेमतेम एक सेंटिमीटर. मूठ खाली वळवून, अंगठा जमिनीकडे करून हात बाजूने वर नेला की गोळ्याचा उंचवटा या बोळात येतो आणि जागा आणखी आकसते. अंगठा वरच्या बाजूला असेल तर तोच उंचवटा मागे सरकतो आणि वाट मोकळी होते. पाणी ओतण्याची ती युक्ती मला याच ठिकाणी नडली. चार्ल्स नीअर या अमेरिकी शल्यचिकित्सकाने 1972 मध्ये या चिमटण्याचे वर्णन केले तेव्हापासून डॉक्टर मंडळी त्याला इम्पिंजमेंट म्हणतात. आता मात्र सगळा दोष वरच्या छताला देत नाहीत. शिरेवर एकाएकी वाढवलेला भार हेही तितकेच मोठे कारण मानतात. मॅडमनी विचारले, “तीन आठवड्यांत अडीचवरून साडेसात, आणि पुढच्याच आठवड्यात दहा?” मी खाली बघितले.

दहा किलोत एवढे काय, गव्हाचे पोते उचलतोच की आपण, असे वाटते. हा प्रश्न मी स्टाफरूममध्ये पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यापुढे ठेवला. त्यांनी फळ्यावर तरफ काढली. हात बाजूला आडवा असताना डंबेल खांद्याच्या सांध्यापासून सुमारे साठ सेंटिमीटरवर असते. डेल्टॉइड ज्या ठिकाणी ओढतो ते अंतर सांध्यापासून जेमतेम तीन सेंटिमीटर. म्हणजे वीस पट तोटा. पाच किलोचे डंबेल आडवे धरायला स्नायूला ढोबळ मानाने शंभर किलोची ओढ लावावी लागते, आणि त्यात हाताचे स्वतःचे वजन धरलेलेच नाही. दहा किलोचा हिशेब त्यांनी माझ्याकडून करून घेतला. भरलेली बादली पायाजवळून नेणे आणि हात लांब करून धरणे यात जो फरक, तोच इथे.

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला फार उपयोगी पडली. हात खाली लोंबत असताना हा तोटा जवळजवळ शून्य असतो. तीस अंशांवर तो निम्मा होतो आणि नव्वद अंशांवर पुरा. म्हणजे साइड रेजचा पहिला टप्पा फुकटचा असतो आणि शेवटचा सर्वांत जड. झोका देणारा माणूस फुकटच्या टप्प्यात वेग कमावतो आणि जड टप्पा त्या वेगावर निभावून नेतो. वजन वर जाते, पण जिथे स्नायूने काम करायचे तिथे तो सुट्टीवर असतो. आणि खाली येताना तेच वजन आपटत येते तेव्हा ते शिरेला झेलावे लागते.

तर मग करायचे कसे? आधी अंग गरम करणे. पाच मिनिटे हात फिरवणे, भिंतीला पाठ लावून दोन्ही हात वर-खाली सरकवणे, रबरी पट्टा असेल तर कोपर कमरेला चिकटवून मनगट बाहेर खेचणे. हे शेवटचे त्या चार लहानग्यांसाठी. पोरे हे टाळतात, कारण त्यात आरशात काही दिसत नाही.

मग पाय कमरेएवढे फाकवून उभे राहा. गुडघे आखडू नका, पोट जरा आवळा. खांदे कानांपासून लांब, म्हणजे खाली. पूर्ण व्यायामभर ही एक गोष्ट विसरू नका, कारण थकवा येताच खांदे वर चढतात आणि मानेचा स्नायू काम आपल्या अंगावर घेतो. दुसऱ्या दिवशी मान आखडते आणि खांद्याला काहीच मिळालेले नसते. कोपर किंचित वाकवा आणि तसाच ठेवा. वर जाताना वाकवत नेला तर तरफ आखूड होते, आपण स्वतःलाच फसवतो.

हात अगदी सरळ बाजूला नेऊ नका. खांद्याचे पाते पाठीवर सपाट बसलेले नसते, ते पुढच्या बाजूला साधारण तीस अंश कललेले असते. हातही त्याच रेषेत, म्हणजे बाजूच्या थोडे पुढून, वर जाऊ द्यावा. आरशात बघितले तर दोन्ही हात मिळून फार उघडा इंग्रजी ‘व्ही’ दिसतो. अंगठा थोडा वरच्या बाजूला. पकड सैल, मनगट ताठ. वर नेताना डंबेल उचलायचे नाही, कोपर उचलायचा. डंबेल नुसते मागून येते. कोपर आणि मनगट खांद्याच्या उंचीला आले की थांबा. त्याहून वर नेल्याने बाजूच्या डेल्टॉइडला खास काही मिळत नाही, आणि ज्याचा खांदा आधीच कुरकुरतो त्याने तर खांद्याच्या थोडे खालीच थांबावे. वर जाताना श्वास सोडा, खाली येताना घ्या. श्वास कोंडून वजन उचलले की रक्तदाब चढतो, चाळिशीनंतर हा खेळ नको.

आता सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे खाली येणे. वर जायला एक-दोन सेकंद, वर क्षणभर थांबा, आणि खाली यायला मोजून तीन सेकंद. माझा अनुभव सांगतो, ज्याला तीन सेकंदांत उतरता येत नाही त्याचे वजन जास्त आहे. दुसरी कुठलीही परीक्षा लागत नाही. बारा ते पंधरा वेळा करा, आणि पंधरावी पहिल्यासारखीच दिसली पाहिजे. फक्त जड लागली पाहिजे. असे दोन किंवा तीन सेट, आठवड्यातून दोनदा, पुरे. मोबाइल समोरच्या खिडकीत ठेवून एकदा स्वतःचे चित्रीकरण बघा. मी बघितले, तेव्हा कळले की माझे डावे-उजवे खांदे दोन वेगळ्या माणसांचे आहेत.

वजन वाढवण्याचा हिशेब तर फारच फसवा आहे. जिममध्ये डंबेल बहुधा अडीच-अडीच किलोच्या टप्प्यांनी मांडलेली असतात. बैठकीला खांद्यावर साठ किलो घेणाऱ्याने अडीच वाढवले तर ती वाढ नगण्य. साइड रेजमध्ये अडीचवरून पाच म्हणजे दुप्पट, पाचवरून साडेसात म्हणजे दीडपट. पगार असा वाढला तर बरे होते, खांद्याला मात्र झेपत नाही. म्हणून आधी त्याच वजनाने पंधराचे वीस होऊ द्यावेत, तेही नीट, आणि मगच पुढचे डंबेल. मधले एक-दोन किलोचे टप्पे मिळत असतील तर विकत घ्यावेत. घरासाठी खर्चायचे तर मी त्यावर खर्चेन.

हलक्या वजनाची लाज वाटणाऱ्यांना मी युजीन सँडोची गोष्ट सांगतो. हा जर्मन पहिलवान 1905 मध्ये हिंदुस्थानात खेळ दाखवत फिरला. आपण बिनबाह्यांच्या गंजीला सँडो बनियन म्हणतो ते त्याच्याच नावाने. हा गडी रंगमंचावर अचाट वजने उचलायचा, पण लोकांना घरी करायला शिकवायचा तो हलक्या डंबेलांचा व्यायाम. प्रत्येक हालचालीत मन स्नायूवर ठेवायचे, हा त्याचा आग्रह. त्याने दोन भागांत मधे स्प्रिंगा बसवलेले डंबेल काढले होते. ते व्यायामभर मुठीत दाबून ठेवावे लागे, म्हणजे लक्ष भटकायला नको. आता आमची पोरे एका हातात डंबेल आणि दुसऱ्यात रील.

फ्रंट रेजबद्दल थोडक्यात. जो जोर मारतो किंवा बेंच प्रेस करतो त्याच्या पुढच्या डेल्टॉइडला भरपूर काम मिळालेले असते. त्याला वेगळी फ्रंट रेज बहुधा लागत नाही. करायचीच तर हलकी, अंगठा वर, खांद्याच्या उंचीपर्यंत, कमरेतून मागे न झुकता.

उपाशी राहतो तो मागचा भाग. तो आरशात दिसत नाही म्हणून कुणी करत नाही. आणि आमच्यासारखे वाकून वाचणारे, मोबाइलवाले, यंत्रमागावर दिवसभर पुढे झुकून धागा जोडणारे, यांना त्याचीच गरज जास्त. कमरेतून पुढे वाका, पाठ सरळ, छाती तिरप्या बाकावर टेकवली तर उत्तम, कारण मग झोका देताच येत नाही. कोपर किंचित वाकवून हात दोन्ही बाजूंना उघडा. पाठीची पाती एकमेकांना आवळण्यापेक्षा दंड बाजूला लांब जाऊ द्या. इथे साइड रेजपेक्षाही कमी वजन लागते. मी दोन किलोने करतो, आणि तेही कुणी हसत नाही, कारण ज्यांनी एकदा नीट केले त्यांना माहीत आहे.

आता रमजानचे. दिवसभर पाणी नाही, आणि सोलापूरचा मार्च म्हणजे दुपारी डांबर मऊ होते. रोजा असताना दुपारी वजन उचलू नये. हात हलके होतात, चक्कर येते, आणि थकलेला स्नायू आधी ढंग बिघडवतो. इफ्तारच्या आधी अर्धा तास हलके चालणे, हात-खांदे मोकळे करणे ठीक, कारण लगेच पाणी मिळणार असते. डंबेलांसाठी तरावीहनंतरची वेळ बरी. इफ्तारला खजूर-पाणी-फळे घेतलेली असतात, जेवण थोडे जिरलेले असते, वर नमाजच्या उठाबशीने अंगही गरम असते. मात्र भजी-समोशांवर ताव मारून थेट जिमला जाणाऱ्याचे पोट त्याला स्वतःच समजावेल. इफ्तार ते सहेरी पाणी थोडे थोडे, वारंवार प्यावे. सहेरीला एकदम लिटरभर ढोसल्याने ते टिकत नाही.

आणि या महिन्यात वाढवायचे काही नाही. वजन आहे तेच किंवा तिसरा हिस्सा कमी, सेट एक कमी. आठवड्यातून दोनदा थोडे थोडे काम मिळत राहिले तर महिन्याभरात स्नायू कुठे पळून जात नाही. ही भीती पोरांच्या मनात फार असते. खरी टंचाई झोपेची असते. ज्या रात्री तीन तासच मिळणार आहेत त्या रात्री जिमपेक्षा उशी बरी. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रोजा आणि व्यायाम दोन्हींबद्दल महिना लागण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे. अंग थरथरले, दरदरून घाम फुटला तर रोजा सोडण्याची परवानगी आहे, तिथे मर्दुमकी दाखवू नये.

आमच्या अम्मींना साखर आहे. काही वर्षांपूर्वी त्यांचा डावा खांदा हळूहळू आखडत गेला. आधी केसांची वेणी घालता येईना, मग वरच्या फळीवरचा डबा काढता येईना. फ्रोझन शोल्डर. हे नाव अर्नेस्ट कॉडमन या बोस्टनच्या डॉक्टरने 1934 मध्ये दिले. चाळिशी ते साठीत, बायकांना जास्त, आणि मधुमेह असेल तर आणखी जास्त होणारे हे दुखणे. त्यावर डंबेल हा इलाज नाही. आखडलेल्या सांध्याला आधी मोकळे करावे लागते, तेही जाणकाराच्या देखरेखीखाली. दीडेक वर्षाने त्यांचा खांदा सुटला. आता त्या खुर्चीवर बसून अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या उचलतात, अंगठे वर, खांद्याच्या थोड्या खालीपर्यंत, बारा वेळा. रमजानमध्ये हे इफ्तारच्या स्वयंपाकाआधी नाही, रात्री. माझ्या दहा किलोची हकिगत ऐकून त्या एवढेच म्हणाल्या, “बाटली नहीं थी क्या घर में?”

खांदा कधी स्वतःच्या भरवशावर ठेवू नये, हेही सांगतो. रात्री त्या कुशीवर झोपल्यावर दुखून जाग येत असेल, हात वर उचलण्याची ताकदच गेली असेल, हाताला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, पडल्या-झडल्यानंतर दुखू लागले असेल, तर व्यायाम बंद आणि तपासणी. आणि डावा खांदा किंवा हात दुखतो आहे, सोबत छातीत दडपण, घाम, धाप, तर ते खांद्याचे नाही असे समजून तडक दवाखाना गाठावा. रमजानमध्ये माणसे ‘इफ्तारनंतर बघू’ म्हणतात. तेवढा वेळ नसतो.

स्नायूंना दुसऱ्या दिवशी येणारा ठणका वेगळा, तो दंडाच्या मांसात पसरलेला असतो आणि दोन दिवसांत जातो. सांध्याच्या आत, एका ठरावीक कोनात, सुई टोचल्यासारखी कळ आली तर ती त्याच क्षणी थांबण्याची खूण. मी ती खूण दोन आठवडे गोळीखाली दाबली.

पुढे मला दोन आठवडे फक्त हात लोंबवून झुलवायला आणि बोटांनी भिंत चढायला लावले. मग रबरी पट्टा. मग एक किलो, अंगठा वर. मोहल्ल्यातल्या जिममध्ये, वीस-बावीस वर्षांच्या पोरांच्या रांगेत, गुलाबी रंगाचे एक किलोचे डंबेल घेऊन उभे राहायला काय लागते ते उभे राहिल्याशिवाय कळत नाही. चार किलोपर्यंत यायला पाच महिने गेले. अजून तिथेच आहे.

या वर्षी तरावीहला दोन्ही हात कानापर्यंत जातात. उजवा जरा उशिरा पोहोचतो. भाचा आता साडेसात किलोने करतो, पूर्वी बारा उचलायचा. परवा रात्री जिममध्ये एका नव्या पोराने त्याला विचारले, “इतना हल्का कायकू?” तो म्हणाला, “तीन सेकंद में नीचे ला के दिखा.” त्या पोराने घेतले. सातव्यालाच कंबर हलली. भाच्याने त्याच्या हातातून ते काढून घेतले, रॅकवर ठेवले आणि पाच किलोची जोडी पुढे केली.